हातभरतकाम सुरू करताय? पहिल्या टाक्यापासून पहिल्या पुऱ्या झालेल्या कामापर्यंत

माझं पहिलं भरतकाम आजही अर्धवट आहे. मोठा टेबलक्लॉथ घेतला होता. चार कोपऱ्यांत चार गुच्छ आणि मधून वेल. एका गुच्छाची साडेतीन फुलं झाली, दोरा दर दोन मिनिटांनी गुंतायला लागला, आणि कापडाची घडी जी कपाटात गेली ती गेलीच. तेव्हा वाटलं, आपल्या हातात कलाच नाही. बऱ्याच काळाने पुन्हा सुई धरली ती तळहाताएवढ्या कापडावर. ते काम तिसऱ्या दिवशी पुरं झालं आणि चौथ्या दिवशी दुसरं सुरू झालं.

मधल्या काळात माझे हात काही बदलले नव्हते. पहिल्या खेपेला मी दोरा फार लांब घेतला होता, त्याचे सहाही पदर (सुटे होणारे बारीक धागे) एकदम ओवले होते आणि काम झेपेल त्याच्या दसपट मोठं निवडलं होतं. नव्याने शिकणारे बहुतेक जण या तीन गोष्टींपायीच सुई खाली ठेवतात. म्हणून खालचं सगळं त्या तिन्ही चुका टळतील अशा क्रमाने लिहिलं आहे.

## १. सामान: थोडं, पण नेमकं

सुरुवातीला लागतं ते एवढंच:

- कापड: घट्ट विणीचं साधं सुती. पॉपलीन, केसमेंट किंवा लिनन. रंग पांढरा नाहीतर फिकट.
- रिंग: स्क्रू असलेली, पाच किंवा सहा इंचांची. लाकडी चालेल, प्लास्टिकचीही चालेल.
- सुया: भरतकामाच्या सुयांचं मिश्र पाकीट, ५ ते १० नंबरचं.
- दोरा: सहापदरी सुती दोऱ्याच्या सहा-सात लड्या.
- कात्री: छोटी, टोकदार. ही फक्त दोऱ्यासाठी. तिने कागद कापायचा नाही.
- खुणेचं पेन: पाण्याने जाणारं. नसेल तर टोक काढलेली कडक पेन्सिल, अगदी हलक्या हाताने.

दीडशे रंगांची पेटी, उभा स्टँड, भिंगाचा दिवा हे सगळं नंतर. मी पहिल्या उत्साहात मोठी पेटी आणली होती. त्यातल्या निम्म्या रंगांना अजून हात लागलेला नाही, आणि ज्या हिरव्याची खरी गरज पडते तो मात्र नेहमी संपलेला असतो. एकाच रंगाच्या तीन छटा (गडद, मधली, फिकट) अशा दोन जोड्या घ्या आणि वर एक पिवळा. एवढ्यात फूल, पान, पराग सगळं होतं.

सुयांच्या नंबरात हमखास फसगत होते. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. एका पदरासाठी ९ किंवा १०, दोन-तीन पदरांसाठी ७, सगळे पदर वापरायचे असतील तर ५ किंवा त्याहून जाड. भरतकामाच्या सुईचं नेढं लांबट असतं, कारण त्यातून दोन-तीन पदर शेजारी शेजारी जायचे असतात. शिवणाच्या सुईचं नेढं गोल आणि बारीक, त्यात हेच पदर घासून पिंजतात. बोथट टोकाच्या, मोठ्या नेढ्याच्या सुयाही त्याच रॅकवर दिसतील. त्या क्रॉस स्टिचच्या. तिथे सुई कापडाच्या जाळीतून जाते, धागा भेदत नाही. साध्या कापडावर त्या सुयांनी बोटंच दुखतील.

सुरुवातीला ताणलं जाणारं टी-शर्टचं कापड, सॅटिन आणि विरळ मलमल टाळा. मलमलीतून मागचे दोरे पुढे दिसतात, आणि टी-शर्टवर भरलेलं फूल रिंग काढली की चुरगळल्यासारखं दिसतं.

## २. कापड तयार करणं

आधी धुवा. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं. भरल्यानंतर आटलं तर टाक्यांभोवती सुरकुत्या पडतात आणि त्या इस्त्रीने जात नाहीत. वाळलं की इस्त्री करा आणि रिंगेच्या चारही बाजूंना दोन-दोन इंच जास्त राहील असं कापा. कडांना हाताने सैलसर टीप घाला, नाहीतर दोन दिवसांत कडेचे धागे सुटून भरतकामाच्या दोऱ्यात अडकायला लागतात.

रिंग लावताना आतली कडी खाली, तिच्यावर कापड, वरून बाहेरची कडी. स्क्रू अर्धा आवळा, कापड चहूबाजूंनी थोडं थोडं ओढा, मग पुरता आवळा. बोटाने टिचकी मारली की ढोलकीच्या पुडीसारखा आवाज यायला हवा. ओढताना कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेनेच ओढा. तिरपं ओढलंत तर काढलेला गोल रिंग सुटल्यावर अंडाकृती होतो. आतल्या कडीला सुती फीत गुंडाळली तर कापड घसरत नाही.

काम थांबवताना रिंग काढून ठेवा. आठवडाभर तशीच राहिली तर कापडावर गोल वळ उमटतो, आणि फिकट कापडावर त्यात मळही बसतो.

## ३. नक्षी कापडावर उतरवणं

सगळ्यांत सोपी रीत खिडकीच्या काचेची. नक्षीचा कागद दिवसा काचेला चिकटवा, त्यावर कापड चिकटवा, आणि मागून येणाऱ्या उजेडात रेषा गिरवा. रात्री टॅबलेटचा उजळ पडदाही चालतो, फक्त पेन दाबू नका.

गडद कापडातून उजेड आरपार जात नाही. तिथे पांढरी खडूची पेन्सिल वापरा किंवा पाण्यात विरघळणारा चिकट पापुद्रा घ्या. त्यावर नक्षी काढायची, कापडावर चिकटवायचा, त्याच्यासकट भरायचं आणि शेवटी पाण्यात बुडवून विरघळवायचा. शिवणकामाचा कार्बनही चांगला. पण हिशेबाच्या पावत्यांचा जुना कार्बन वापरू नका, तो दोऱ्यालाही काळा करतो.

आता पेनचा सापळा. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनच्या खुणांवर धुण्याआधी इस्त्री फिरवू नका. उष्णतेने ती शाई कापडात पक्की बसू शकते. मी हे करून बसलो आहे. एका रुमालावरचं सुरेख झालेलं अक्षर, आणि त्याच्या भोवती कायमची तपकिरी रेघ. आधी गार पाण्यात बुडवा, रेघ पूर्ण गेली याची खात्री करा, मग इस्त्री.

उष्णतेने पुसलं जाणारं पेन अगदी याच्या उलट. त्याची शाई सुमारे ६० अंश सेल्सिअसला दिसेनाशी होते, म्हणून इस्त्री किंवा हेअर ड्रायर पुरतो. पण ती शाई नुसती अदृश्य होते, कापडातून निघत नाही. कडाक्याच्या थंडीत रेघ परत उगवू शकते. हे पेन वापरायचं तर रेघ टाक्यांखाली पूर्ण झाकली जाईल तिथेच वापरा. आणि कुठलंही पेन आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर पारखून घ्या.

## ४. दोरा: निम्मे गुंते इथेच टळतात

भरतकामाच्या दोऱ्याला बोलताना आपण सर्रास 'रेशीम' म्हणतो, पण लडीतला हा दोरा बहुधा सुती असतो. त्यावरची चमक मर्सरायझेशनची. १८४४ मध्ये इंग्रज रसायनतज्ज्ञ जॉन मर्सर यांच्या लक्षात आलं की कॉस्टिक सोड्यातून काढलेलं सुती कापड घट्ट होतं आणि रंग जास्त पितं. पुढे याच प्रक्रियेत सूत ताणून धरायला सुरुवात झाली आणि रेशमासारखी झळाळी आली.

एका लडीत साधारण आठ मीटर दोरा असतो, सैलसर वळलेले सहा पदर. हे सहा पदर एकत्र वापरायचे नसतात, निदान नेहमी तरी नाही. बहुतेक कामाला दोन पदर पुरतात. म्हणजे आठ मीटरच्या लडीतून प्रत्यक्षात चोवीस मीटर दोरा मिळतो. एक पदर बारीक रेघेला, तीन पदर ठसठशीत देठाला, सहा पदर जाड गाठींना.

पदर सोडवण्याची रीत नीट बघा. हातभर दोरा कापा. 'हातभर' शब्दशः घ्या: कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास. याहून लांब दोरा घेण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण पुन्हा पुन्हा सुई ओवायचा कंटाळा. पण लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून घासत जातो, पिंजतो, स्वतःभोवती पीळ घेतो आणि गाठ मारतो. सुई ओवायला अर्धं मिनिट लागतं, गाठ सोडवायला पाच.

कापलेल्या दोऱ्याचं वरचं टोक डाव्या हाताच्या चिमटीत धरा. टोकाला हलकेच थोपटलं की सहा पदर केसांसारखे फाकतात. त्यातला एकच धरा आणि सरळ वर ओढा. चिमटीखाली बाकीचे पाच गोळा होतील, आता गुंता झालाच असं वाटेल. ओढत राहा. पदर पुरता निघाला की उरलेले पाच आपोआप सरळ लोंबतात. आता दुसरा, तसाच एकटा. दोन पदर हवेत म्हणून दोन एकदम ओढलेत तर ते एकमेकांना पिळतात आणि खरा गुंता होतो. सुटे काढलेले दोन पदर शेजारी ठेवून ओवा. ते कापडावर सपाट बसतात आणि चमकही जास्त दिसते.

ओवताना टोक तिरपं कापा आणि चिमटीत दाबून चपटं करा. दोरा नेढ्याकडे नेण्याऐवजी नेढं दोऱ्यावर टेकवा. हात थरथरणाऱ्यांना ही उलटी रीत जास्त जमते. नाहीच जमलं तर तारेचा सुई-ओवणा असतोच, त्यात कमीपणा नाही.

चार-पाच टाक्यांनंतर दोरा पीळ खातोय असं दिसलं की कापड उलटं धरा आणि सुई खाली लोंबू द्या. ती गरगर फिरते आणि पीळ उतरतो.

लडीवरची कागदी पट्टी टाकू नका. रंगाचा नंबर तिच्यावरच असतो. दोरा मधेच संपला तर 'तो जरा मातकट गुलाबी' एवढ्या वर्णनावर तोच रंग मिळत नाही.

## ५. गाठ न मारता सुरुवात आणि शेवट

मागे गाठ मारली की जगबुडी होत नाही. पण पातळ कापडावर गाठ पुढून उंचवटा दाखवते, आणि धुण्यात सुटली तर टाकेही सुटतात. कर्नाटकातल्या कसुती भरतकामात तर गाठ मारतच नाहीत, कारण त्यातल्या गवंतीसारख्या टाक्यात काम दोन्ही बाजूंनी सारखं दिसायचं असतं.

सोपा मार्ग असा. सुरुवातीला सुई वरून खाली घाला आणि पाच-सहा सेंटिमीटरचं शेपूट तसंच सोडा. ते अंगठ्याखाली धरून भरायला लागा. पाच-सहा टाके झाले की ते शेपूट सुईत ओवून मागे न्या आणि तिथल्या टाक्यांखालून तीन-चार वेळा काढा. शेवटही तसाच: सुई मागे न्या, मागच्या टाक्यांखालून एकदा इकडून, एकदा तिकडून ओढा, कापा.

मागून एका फुलापासून दुसऱ्या लांबच्या फुलापर्यंत दोरा ओढत नेऊ नका. फिकट कापडातून ती रेघ दिसते आणि कापडाला चुणी पडते. बोटाच्या एका पेरापेक्षा जास्त अंतर असेल तर दोरा संपवा आणि नव्याने सुरू करा.

आणि मागची बाजू नीटनेटकी हवीच का? कोणी सुलटी बाजू सोडून आधी कापड उलटून बघतं, त्या माणसाला दाखवायला जाऊ नका. पहिले सहा महिने मागे काहीही होऊ दे.

## ६. सहा टाके, आणि खूप काळ तेवढेच

टाके शेकड्यांनी आहेत. शिकणाऱ्याची गंमत अशी की तो पन्नास टाक्यांची यादी करतो आणि एकाचाही हात बसू देत नाही. फ्रान्समधल्या बायो गावाच्या नावाने ओळखलं जाणारं प्रसिद्ध कापड ११व्या शतकातलं, सुमारे ७० मीटर लांब. त्याला 'टॅपेस्ट्री' म्हणतात, पण ते विणलेलं नाही. लिननवर लोकरीच्या दोऱ्याने केलेलं भरतकाम आहे. घोडे, जहाजं, लढाया, सगळं मुख्यतः दोन पद्धतींत उभं केलंय: रेषांना देठाचा टाका आणि भरीव भागाला आडवे दोरे घालून ते वरून टाचण्याची पद्धत. तर सहा भरपूर झाले.

धावदोरा. सुई वर-खाली, वर-खाली. टाके सारखे आणि मधल्या जागाही सारख्या, एवढंच बघायचं. याला कमी लेखू नका. बंगालचा कांथा आणि जपानचं साशिको प्रामुख्याने या एका टाक्यावर उभे आहेत.

उलटी टीप म्हणजे बॅक स्टिच. एक टाका पुढे जाऊन वर या, मग मागच्या टाक्याच्या टोकाच्याच छिद्रात उतरा. अखंड रेघ होते. अक्षरांना हाच टाका. वळणावर टाके लहान करा, नाहीतर गोल 'ठ' षटकोनी दिसतो.

देठाचा टाका. हा एक टाका जमला की काम एकदम 'भरतकाम' दिसायला लागतं, म्हणून सावकाश सांगतो. रेघ डावीकडून उजवीकडे आहे असं धरा. सुरुवातीच्या बिंदूतून वर या. अर्धा सेंटिमीटर पुढे सुई खाली घाला, पण दोरा पूर्ण ओढू नका. छोटा फासा रेघेच्या खालच्या बाजूला पडू द्या. आता त्या अर्ध्या सेंटिमीटरच्या मधोमध, रेघेवरच, सुई वर काढा आणि दोरा ओढा. फासा सपाट बसेल. पुढचा टाका: पुन्हा तेवढंच अंतर पुढे उतरा, फासा खाली, आणि वर यायचं ते आधीचा टाका जिथे संपला त्याच छिद्रातून. चार-पाच टाक्यांत बारीक दोरखंड वळल्यासारखी रेघ दिसू लागते. फासा एकदा खाली, एकदा वर असं झालं की दोरखंडाचा पीळ तुटतो. तुमची रेघ कुठेतरी 'बिघडल्यासारखी' वाटत असेल आणि कारण सापडत नसेल, तर तिथे फासा वर गेलेला असणार. डावखुऱ्यांनी उजवीकडून डावीकडे जायचं; चित्रं बघून शिकत असाल तर ती आरशात धरा किंवा फोनवर उलटवून घ्या.

साखळी टाका. वर या, त्याच छिद्रात परत उतरा, फासा मोकळा ठेवा, पुढे एक टाका अंतरावर फाशाच्या आतून वर या. फार ओढलंत तर साखळीची कडी चपटी होऊन रेघ होते. हीच एक सुटी कडी टोकाशी बारीक टाका घालून टाचली की लेझी डेझीची पाकळी. पाच पाकळ्या गोलात घातल्या की फूल तयार, लहान मुलंही पहिल्याच दिवशी करतात.

भरीव टाका म्हणजे सॅटिन. दिसायला सगळ्यात सोपा, करायला सगळ्यात हट्टी. पान भरायचं असेल तर कडेवरून सुरुवात करू नका. आधी पानाची कड उलट्या टिपेने घाला, मग पानाच्या मधून सुरू करून एका टोकापर्यंत भरा, परत मधे येऊन दुसऱ्या टोकापर्यंत. टाके कडेच्या टिपेच्या बाहेरून उतरवा, कड रेखीव येते. टाका एक सेंटिमीटरपेक्षा लांब झाला तर तो पुढे लोंबतो, अडकतो. मोठं पान असेल तर मधे शिर सोडून दोन भाग करा.

गाठीचा टाका, अर्थात फ्रेंच नॉट. याच्यावर लोक जीव खातात. कापडातून वर या. दोरा डाव्या हाताने, कापडापासून दोन बोटं अंतरावर ताणून धरा. सुई दोऱ्यासमोर आडवी धरा आणि दोऱ्याचा सुईभोवती एक वेढा घ्या, फार तर दोन. सुईचं टोक जिथून वर आलात त्याच्या अगदी शेजारी टेकवा, त्याच छिद्रात नाही. आता डाव्या हाताने दोरा हलकेच ओढा म्हणजे वेढा सुईवरून घसरून कापडाला टेकेल. हा ताण तसाच ठेवून सुई मागे ओढा, आणि दोरा अगदी शेवटच्या क्षणी सोडा. गाठ मागे निघून गेली? त्याच छिद्रात उतरलात. वर फासा लोंबतोय? दोरा लवकर सोडलात. सुई अडकली? वेढा फार आवळलात. मोठी गाठ हवी असेल तर वेढे वाढवू नका, पदर वाढवा. चौथ्या वेढ्याला गाठ कोलमडते.

वीसेक गाठी वाया घालवा. माझ्या मते एकविसावी साधारण बरी येते.

## ७. कोणती कामं, कोणत्या क्रमाने

नमुना पट्टी. एका कापडावर पेन्सिलीने सहा आडव्या रेघा आणि प्रत्येकीवर एक टाका. हे कंटाळवाणं वाटतं, पण पुढे 'सॅटिनला किती पदर घेतले होते?' असा प्रश्न पडला की हीच पट्टी उत्तर देते. शेजारी पदरांची संख्या आणि तारीखही भरून ठेवा. हा प्रकार फार जुना आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बॉस्टॉक यांची १५९८ सालची पट्टी आहे, तारीख घातलेल्या ब्रिटिश नमुन्यांतली सगळ्यात जुनी. तिच्यावर नक्षीबरोबर ॲलिस ली नावाच्या मुलीच्या जन्माची नोंदही टाक्यांत घातली आहे.

एक अक्षर. रुमालावर किंवा कापडी पिशवीवर नावाचं आद्याक्षर, दोन इंच उंच. रेघ देठाच्या टाक्यात, बाजूला दोन लेझी डेझी, तीन गाठी. एका संध्याकाळीत होतं. देवनागरीत 'म', 'न', 'ग' सोपे. 'श्री'पासून सुरुवात करू नका.

विणलेला गुलाब. शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त शाबासकी मिळवून देणारं काम. एक छोटा गोल काढा आणि मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत पाच सरळ टाके घाला, चाकाच्या आऱ्यांसारखे. आऱ्यांची संख्या विषम हवी, नाहीतर विणता येत नाही. आता तीन-चार पदरांचा दोरा मध्याशी वर काढा आणि कापड न भेदता एका आरीवरून, पुढच्या आरीखालून, असं गोल गोल फिरवत जा. टोकदार सुई आऱ्यांना भोसकते, म्हणून नेढ्याची बाजू पुढे करून ओढा. मधे घट्ट, बाहेर सैल. आऱ्या दिसेनाशा झाल्या की मागे उतरा. असे तीन गुलाब, देठाच्या टाक्याचे देठ आणि चार पानं झाली की रिंगेतच ठेवून भिंतीवर लावा. त्यासाठी रिंगेबाहेर बोट-दीड बोट कापड ठेवून बाकीचं कापा, कडेने धावदोरा घाला आणि दोरा ओढून कापड मागे गोळा करा.

जुन्या कपड्याचा डाग. शर्टाच्या खिशाजवळ शाईचा ठिपका असेल तर त्यावर भरीव टाक्याची एक माशी किंवा पान. इथे टाके बारीक आणि घट्ट हवेत, कारण कपडा वारंवार धुतला जाणार. छोट्या भोकासाठी मागून कापडाचा तुकडा लावा आणि दोन्ही थर मिळून भरा.

या चारांनंतर स्वतःची नक्षी. घरातल्या लहान मुलाने काढलेलं चित्र उलट्या टिपेत जसंच्या तसं, वाकड्या रेघांसकट उतरवून बघा. वाकडी रेघ तिथे चूक ठरतच नाही, त्यामुळे हात मोकळा होतो.

## ८. चुकलं तर

आधी हातभर लांब धरून बघा. सहा इंचांवरून दिसणारी चूक दोन फुटांवरून दिसत नसेल तर पुढे चला.

उसवायचंच असेल तर दोन-तीन टाक्यांपर्यंत सुई काढून नेढ्याच्या टोकाने मागे ओढता येतं. सुई न काढता तीच उलट्या वाटेने परत घालायला जाऊ नका, दोऱ्याचे पदर भेदले जातात. जास्त उसवायचं असेल तर मागच्या बाजूने टाके कापा आणि तुकडे चिमट्याने काढा. तो दोरा पुन्हा वापरू नका, तो पिंजलेला असतो. कापडावर भोकं उरली तर ओलं करून नखाने हलकेच घासा, धागे परत जागेवर सरकतात.

रात्री अकरानंतर उसवू नका. मी अशाच एका रात्री टाक्याबरोबर कापडही कापलं आहे.

## ९. धुणं आणि इस्त्री

गार पाणी, सौम्य साबण, पिळणं नाही. गडद लाल आणि काळा दोरा असेल तर आधी ओल्या पांढऱ्या कापसाने दाबून बघा. रंग सुटायला लागलाच तर घाबरून वाळत घालू नका. वाळला की डाग पक्का होतो. वाहत्या गार पाण्याखाली धरा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवत राहा. मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. इस्त्री जाड टॉवेलवर, भरलेली बाजू खाली ठेवून करा. टाके टॉवेलात रुततात आणि पुढून उठावदार राहतात. सुलट्या बाजूने इस्त्री फिरवलीत तर वीस वाया घालवून जमवलेली गाठ चपटी होते.

## १०. पुढे कुठे शिकायचं

रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्क ही लंडनमधली संस्था १८७२ साली सुरू झाली. तिची 'स्टिच बँक' इंटरनेटवर मोफत आहे. प्रत्येक टाक्याची चित्रं, फोटो आणि व्हिडिओ आहेत, आणि तो टाका कुठल्या परंपरेतला तेही दिलेलं असतं. इंग्रजी आहे, पण चित्रांवरून कळतं. मी एखाद्या टाक्यावर अडलो की आधी तिथेच जातो, कारण इतरत्र एकाच टाक्याला चार नावं आणि चार टाक्यांना एकच नाव असा गोंधळ असतो.

तेरेझ द दिलमाँ यांचा १८८६ चा सुईकामाचा ज्ञानकोश प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. भाषा जुनी, पण रेखाचित्रं अजूनही स्वच्छ. अँटिक पॅटर्न लायब्ररी या संकेतस्थळावर जुन्या नक्ष्यांची स्कॅन केलेली पुस्तकं मिळतात. मोठ्या दोरा कंपन्याही आपल्या संकेतस्थळांवर मोफत नक्ष्या देतात. त्यांतल्या रंगांचे नंबर त्या त्या कंपनीचे असतात, तुमचा दोरा दुसऱ्या कंपनीचा असेल तर नंबर जुळवण्याचा तक्ता शोधा. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या ऑनलाइन संग्रहातले फोटो मोठे करून बघा. टाका कुठून वर आला आणि कुठे उतरला हे त्यात पाहता येतं, आणि व्हिडिओत न दिसणारी बरीच गोष्ट तिथे कळते.

व्हिडिओ बघून शिकत असाल तर आधी एकदा हात न लावता पूर्ण बघा, मग वेग निम्मा करून बरोबर करा. आणि मोफत मिळालेली प्रत्येक नक्षी विकायला मोकळी नसते. स्वतःपुरतं भरायला बहुधा हरकत नसते. पण भरलेली वस्तू विकायची असेल तर नक्षीखालची बारीक अक्षरं वाचा, आणि परवानगी लिहिलेली नसेल तर विचारून घ्या.